वॉकरकाकूंचं आडनाव

वॉकरकाकूंना आडनाव विचारणाऱ्या माणसाची मला कीव यायची. विचारणाऱ्याच्या मनात असायचं एक आणि पदरात पडायचं भलतंच. लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात गणपतीला किंवा संक्रांतीला एखादी नवीन आलेली बाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. इथली थंडी, मुलांच्या शाळा, नागपूरची संत्री असं करत करत गाडी शेवटी ठरलेल्या स्टेशनावर यायची. "आणि तुमचं आडनाव?" काकू सांगायच्या, "वॉकर." सावळा रंग, कुंकवाविना मोकळं कपाळ, अंगावर इंदुरी साडी आणि वर पुरुषी कार्डिगन, आणि आडनाव वॉकर. बाई जराशी गडबडायची, मग हसून म्हणायची, "ते सासरचं हो. माहेरचं काय?" काकू हातातली डिश खाली ठेवायच्या, कार्डिगनच्या बाह्या सारख्या करायच्या आणि म्हणायच्या, "सांगते ना. पण आधी सासरचं तर नीट ऐका."

आणि मग ते सुरू व्हायचं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड किती विरविरीत आणि तेलकट असतं, इथपासून. ते घट्ट व्हायचं तर पाण्याच्या हौदात घालून तासन्‌तास तुडवायला लागायचं. हौदातल्या हौदात दिवसभर चालत राहणारे ते वॉकर. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडात वॉकर, लंडनच्या खालच्या अंगाला त्याच धंद्यातले लोक फुलर, आणि पार नैऋत्येला गेलात तर टकर. आपण चेहऱ्याला मुलतानी माती लावतो, तीही मुळात या कापडाचं तेल शोषायला, आणि इंग्रजीत ती अजून फुलरच्याच नावानं ओळखली जाते. स्कॉटलंडच्या डोंगरातले गेलिक बोलणारे लोक आपल्या भाषेत "कापड तुडवणाऱ्याचा मुलगा" असं नाव लावत, पुढे इंग्रजीचा अंमल आला आणि त्यांच्यातलेही कितीतरी वॉकर झाले. इथवर ऐकणारी बाई तोंडावर हसू धरून बसलेली असायची. मग काकू आवाज थोडा खाली आणायच्या. "आणि त्या पाण्यात काय घालत, माहितेय? साबण नव्हता बरं तेव्हा." बाई म्हणायची, सोडा का? "मूत," काकू सांगायच्या. घरोघरचं, मडक्यात साठवलेलं, चांगलं आंबलेलं. लोकरीचं तेल त्यानंच सुटतं. बाईच्या चमच्यातला शिरा तिथंच थांबायचा. "तर असे आमचे वॉकर. माहेरचं गजभिये. नागपूर, इंदोरा वस्ती. आणखी काही विचारायचं होतं?" आणखी काही विचारायचं नसायचं.

सुरुवातीला मला हा निव्वळ खोडसाळपणा वाटायचा. माहेरचं आडनाव लपवायचं असेल म्हणून ही बाई इतका लांबचा वळसा घेते, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं. पण लपवायचं असतं तर शेवटी सांगितलं कशाला असतं? नीट पाहिल्यावर लक्षात आलं की त्यांना ते फुकट द्यायचं नसायचं, इतकंच. ज्याला एका शब्दात माणसाची जागा ठरवायची घाई असते, त्यानं आधी अर्धा तास बसून लोकर तुडवावी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मी त्यांच्याकडे आलो तो भाडेकरू म्हणून. नागपूरहून शिकायला पुण्यात आणि पुण्यातून कंपनीनं वर्क व्हिसावर इकडे धाडलेला. ऑफिस वॉटफर्डला. हॅरोत एका मराठी काकूंच्या घरी वरची खोली रिकामी आहे, असं कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. मी फोन लावला आणि नाव सांगितलं, प्रशांत. तेवढंच. हे मला पुण्यानं शिकवलं होतं. तिथं खोली शोधताना पहिल्या नावापर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चालायचं, आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. विदर्भातली आडनावं तिथल्या घरमालकांना इतकी अचूक कळत की शाळेत त्यांना भूगोलात पैकीच्या पैकी मिळाले असणार. तेव्हापासून मी आडनावाच्या बाबतीत हात आखडता घेतला होता. काकूंनी फोनवर विचारलं, "पुढे काय?" मी पुटपुटलो, रामटेके. पलीकडून क्षणभरही न थांबता आवाज आला, "येताना तूरडाळ आण बरं. स्टेशनाबाहेरच्या दुकानात भेटते. आज वरण-भातच करून राहिली मी." त्या खोलीत मी चार वर्षं राहिलो.

काकू निवृत्त नर्स होत्या. ऐन विशीत नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आल्या आणि इथल्याच झाल्या. नर्सच्या नोकरीनं त्यांना एक खोड लावली होती, समोरच्याच्या छातीवरची नावाची पाटी वाचण्याची. सुपरमार्केटातली गल्ल्यावरची मुलगी असो, नाहीतर बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस असो, काकू आधी पाटी वाचणार आणि मग त्याला त्याचे पूर्वज भेटवणार. बॅक्स्टर नावाच्या पोस्टमनला त्यांनी दारात उभं करून सांगितलं होतं की तुझ्या घराण्याची मूळ धनीण एक पाव भाजणारी बाई होती, कारण पूर्वी हे नाव बायकांना लावत. बँकेतल्या मार्शल नावाच्या मॅनेजरला त्याचा मूळ पुरुष घोड्यांचा चाकर असल्याची बातमी त्यांनीच दिली. इंग्रज माणूस मुळात सभ्य. मागे रांग वाढत असली तरी तो "हाउ इंटरेस्टिंग" म्हणत उभा राहायचा. गंमत म्हणजे कोणी चिडल्याचं मी पाहिलं नाही. उलट बॅक्स्टर पुढच्या आठवड्यात येऊन सांगून गेला की त्यानं आईला फोन करून हे सांगितलं आणि ती फार खूश झाली.

मी त्यांना एकदा म्हटलंही, काकू, आपल्याकडे आडनाव विचारलं की अंगावर काटा येतो आणि तुम्ही इथं येऊन तेच करता. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "आपल्याकडे विचारतात ते माणसाला कुठं बसवायचं हे ठरवायले. मी विचारते ते त्याच्या आज्याले भेटायले." आणि निवडलेली मेथी माझ्यापुढे सरकवून मिरच्या चिरायला लावल्या.

ज्यांचं हे आडनाव, त्या वॉकरसाहेबांना मी कधी पाहिलं नाही. मी येण्याआधीच ते गेले होते. काकू त्यांना आमच्यासमोर साहेबच म्हणायच्या, फोटोशी बोलताना मात्र अरेतुरे चालायचं. ते त्याच हॉस्पिटलात लिफ्ट आणि बॉयलर सांभाळणारे, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या एका गिरणीच्या गावातले. स्वतःच्या आडनावात त्यांना कवडीचा रस नव्हता. आपले पूर्वज बहुधा भरपूर पायी फिरत असावेत, अशी त्यांची समजूत होती आणि तिच्यावर ते समाधानी होते. काकूंना खरं काय ते कळलं सासूकडून, लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेल्यावर. सासूबाई जन्मभर गिरणीत राबलेल्या आणि अगदी अबोल. दोन दिवस त्या सुनेशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तशी त्यांनी घरातली सगळी ब्लँकेटं काढली, मागच्या अंगणात मोठा टब भरला, स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचला आणि आत उतरून ब्लँकेटं तुडवायला लागल्या. तिकडे ही जुनी रीत. काकूंनी खिडकीतून पाहिलं, नवी साडी तशीच वर खोचली आणि जाऊन टबात उभ्या राहिल्या.

"सासू माह्या पायाकडं पाहत राहिली," काकू सांगायच्या. "आधी टाच दाबायची, मंग पाय फिरवायचा. तिले वाटलं, हे परदेशी पोरीले कसं येते?" दोघी तासभर एकमेकींचे खांदे धरून तुडवत होत्या. मग चहाच्या वेळी सासूबाईंनी वॉकर या नावाची सगळी हकीगत पहिल्यांदा सांगितली, मुताच्या मडक्यांसकट, आणि शेवटी म्हणाल्या, म्हणजे तू लग्नाआधीच वॉकर होतीस तर. काकू म्हणायच्या, लग्न कचेरीत झालं, पण सासरी घेतलं ते त्या टबात. त्या परतल्या आणि हॉस्पिटलाजवळच्या लायब्ररीत जाऊन आडनावांची पुस्तकं मागवायला लागल्या. तो नाद शेवटपर्यंत सुटला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी लग्न करून स्नेहलला अमरावतीहून आणली, आम्ही वॉटफर्डला फ्लॅट घेतला, पण रविवार काकूंचा हे कायम राहिलं. आंबेडकर जयंतीला पांढरी साडी नेसून त्या आम्हाला विहारात न्यायच्या आणि येताना गाडीत व्याख्यात्यानं काय चुकीचं सांगितलं ते सांगायच्या. मग आम्हाला मुलगी झाली, मैत्री. त्याच सुमारास ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं जेवताना सहज सांगितलं की या देशात बाळाला आईबापाचंच आडनाव लावायला हवं असं काही नाही. दीड महिन्याच्या आत कौन्सिलच्या ऑफिसात जायचं, नोंद करायची, आणि आडनाव म्हणून सांगाल ते लिहितात. मला गुप्तधन सापडल्यासारखं झालं. माझ्या मुलीला कधी पुटपुटायला लागू नये, हे मी ती जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. कसं, ते तेवढं कळत नव्हतं.

मग शोध सुरू झाला. बाबांचं पहिलं नाव लावावं, तर ते भीमराव. त्यावरून तर पुण्यातला घरमालक गल्लीसुद्धा सांगेल. काहीतरी गोड, नवीन, कोणाचंच नसलेलं बनवावं, तर ते टूथपेस्टचं नाव वाटायचं. एका रविवारी हॅरोहून परत येताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत मला एकदम उजाडलं. मैत्री वॉकर. बोलायला सुटसुटीत, सीव्हीवर झकास, आणि मंडळातल्या समस्त काकूंना कायमचं कोडं. शिवाय वॉकरकाकूंना मूलबाळ नाही. साहेबांची एकुलती पुतणी फिओना, तिचं लग्नानंतर आडनाव बदललेलं. त्या घरातलं वॉकर हे नाव काकूंबरोबरच संपणार होतं. इतक्या प्रेमानं सांभाळलेलं नाव पुढे चालेल आणि माझ्या मुलीचंही भलं होईल, यात कोणाचं काय बिघडतं? स्नेहलला सांगितलं तर ती बराच वेळ बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना तू सांगणार आहेस ना? मी नाही सांगणार." बाबा निवृत्त शिक्षक. शाळेच्या फळ्यावर रोज स्वतःचं पूर्ण नाव लिहून मगच तास सुरू करणारे. मी म्हटलं, आधी काकूंना तर विचारू.

त्या रविवारी ऊन होतं. काकूंकडे सासूबाईंचं एक जुनं ब्लँकेट होतं, दुधाळ रंगाचं, कडेला निळी पट्टी. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या ते बाथटबमध्ये घालून स्वतः तुडवायच्या. मशीनमध्ये घातलं तर आटतं, ड्रायक्लीनवाल्याला दिलं तर सासू रागावते, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी गुडघा दुखत होता. खाली स्नेहल बाळाला घेऊन बसली होती. काकूंनी मला वर बोलावलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली आणि टबात उतरवलं. स्वतः स्टूल घेऊन समोर बसल्या. "टाचेनं रे. बोटांनी कायले गुदगुल्या करून राहिला? आज लिक्विड टाकलंय त्यात, नशीब समज." भिजलेलं लोकरीचं ब्लँकेट काय वजनाचं असतं, ते तुडवल्याशिवाय कळत नाही. मी धापा टाकत होतो आणि धापांच्या मधे मधेच ते विचारून टाकलं. मैत्रीला तुमचं आडनाव लावलं तर चालेल का?

काकू टबाच्या कडेवर हात ठेवून पाण्याकडे बघत बसल्या. डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "हे नाव कोणी मागायले येईल असं वाटलं नव्हतं रे." थोड्या वेळानं डोळे पुसून विचारलं, "पण तुले कायले पाहिजे?" मी मनातलं सगळं सांगितलं. शाळा, नोकरी, पुणे, मंडळ. तिला कोणी विचारू नये, विचारलं तरी काही कळू नये. आणि शेवटी म्हणालो, हे कसं स्वच्छ नाव आहे.

"स्वच्छ?" काकू हसायलाच लागल्या. "इतकी वर्षं मी मुताची मडकी सांगून राहिली, तेही तू जेवत असताना, आणि तुले हे नाव स्वच्छ वाटते?" मलाही हसू आलं. पण त्या लगेच गंभीर झाल्या. "सासूनं इचारलं होतं, तुडवायले कोणी शिकवलं. मी म्हटलं, आईनं. पुढचं मी तिले सांगितलं नाही. माही आई लोकांच्या घरच्या गोधड्या धुवायची. दिवसभर पायानं तुडवायची, वाळवायची, घड्या घालून दारात नेऊन ठेवायची. आन ते लोक त्याच्यावर पाणी शिंपडून मंगच आत घेत. आईनं धुतलेल्या गोधडीवर. मी पाहिलं हाय हे." मी तुडवायचा थांबलो होतो, पण त्यांनी ते पाहिलं नाही. "काम तेच रे. पाय तसेच. इकडं त्या कामाचं नाव झालं आन लोक ते दारावर लावतात. कारण वॉकरच्या पोराले कोणी विहिरीवरून हाकललं नाही. तुह्या नावाले काही लागलेलं नाही, प्रशांत. जे लागलंय ते इचारणाऱ्याच्या मनाले. ते तू लेकीचं नाव बदलून कसं धुशील?"

मी हार मानायला तयार नव्हतो. म्हटलं, तुम्ही घेतलंच ना हे नाव? त्या म्हणाल्या, "मी घेतलं ते त्या माणसापायी. गजभियेपासून पळायले नाही घेतलं. म्हणून तर दोन्ही सांगते." मग अगदी हळू आवाजात, "देऊन टाकावं असं लई वाटून राहिलं मले, खोटं कायले बोलू. पण मग माह्या हौसेपायी तुह्या बापाचं नाव पुसलं जाईल. तो मास्तर माणूस. त्याले मी काय तोंड दाखवू?" त्यांनी स्टुलावरून वाकून पाण्यात हात घातला, ब्लँकेटची कड चाचपली. "नाव नको देऊ तिले माझं. लेकच देत जा मले, शनिवारी शनिवारी. तुमालेही जरा झोप भेटेल. आन थांबला काऊन? ही निळी पट्टी अजून मळकीच हाय."

मी रागावूनच घरी आलो. खरं तर कोणावर रागावलो होतो, ते मला सांगता आलं नसतं. इतका चांगला उपाय हाताशी येऊन निसटला होता आणि ज्या एका बाईला मी नाही म्हणू शकत नव्हतो, नेमकी तीच नाही म्हणाली होती. आठवडाभर मी धुसफुसत होतो. स्नेहलनं एकदाही तो विषय काढला नाही, आणि तेच जास्त टोचत होतं. मग कौन्सिलची अपॉइंटमेंट आली. टेबलापलीकडे एक प्रौढ इंग्रज बाई, शेजारी स्नेहल, तिच्या मांडीवर झोपलेली मैत्री. बाईनं बाळाचं नाव विचारलं, मग आडनाव. स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं नाही, बाळाचं टोपडं नीट करत बसली. मला फळ्यासमोर उभे असलेले बाबा आठवले आणि मी सांगितलं, रामटेके. बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं ते टाइप केलं आणि जन्मठिकाण विचारलं. इतकं साधं होतं ते.

बाहेर येऊन मी काकूंना फोन केला. "सांगितलं," म्हटलं. त्यांनी विचारलं, "ऐकू गेलं काय त्या बाईले?" मी म्हणालो, गेलं. "मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि या शनिवारी किती वाजता आणून सोडणार ते विचारलं.

पुढची सहा वर्षं शनिवार त्यांचा होता. मैत्री त्यांना आजी म्हणायची. नर्सरीत जायला लागल्यावर तिचं मराठी जे काही झालं, ते बाकीच्या घरांत होतं तसंच. "आजी, तुझा गोष्ट सांग," म्हणायची. काकू तिला दुरुस्त करत बसायच्या नाहीत, गोष्ट सांगायच्या. गोष्टींत राजे कमी आणि पाव भाजणाऱ्या बाया, घोडे सांभाळणारे, कापड तुडवणारे जास्त. तिचे आबा कुठले, रामटेक कुठे, त्या टेकडीवरून खाली काय दिसतं, तेही काकूंनीच सांगितलं. मी स्वतः ते कधी सांगितलं नसतं, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा एकदा इकडे आले तेव्हा काकूंनी त्यांच्यासाठी पाटवड्यांचा रस्सा केला, आणि दोघं संध्याकाळभर नागपूरच्या शाळांबद्दल भांडत बसली. मी आयुष्यात दोन माणसांना इतकं खूश होऊन भांडताना पाहिलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. छातीत कफ झाला, हॉस्पिटलात ठेवलं, आणि तिथल्या नर्सेसना सलाइन कसं लावायचं ते सांगता सांगताच एका दुपारी संपलं. फार हाल झाले नाहीत, याचं समाधान आहे. पण शनिवार उजाडला की मैत्री अजून बूट घालून दारात जाते आणि मग तिला आठवतं. मलाही तेव्हाच आठवतं. काकू गेल्या असं मनाला कितीही समजावलं तरी त्या वेळेला ते पटत नाही.

क्रेमेटोरियमचा हॉल भरला होता. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. मंडळातल्या बायका होत्या, हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणी होत्या. फिओना स्कॉटलंडहून आली होती, साठीची, पिकल्या केसांची. अर्ध्या अस्थी ती साहेबांच्या शेजारी ठेवायला घेऊन जाणार होती. सगळं आटोपल्यावर ती आमच्याजवळ आली, मैत्रीसमोर गुडघ्यावर बसली आणि इंग्रजीत म्हणाली, तू तर आमच्यातली होता होता राहिलीस ना? मी चपापलो. फिओना माझ्याकडे वर बघून सांगायला लागली की सहा वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी काकूंचा तिला फोन आला होता. एका तरुण मुलानं आज माझं नाव मागितलं, असं म्हणाल्या आणि रडायला लागल्या. खूप वेळ रडल्या. मग म्हणाल्या, मी नाही म्हटलं, आणि बरोबर केलं.

मी निघून गेल्यावर काकू इतक्या रडल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. त्या रविवारी मी रागावून गाडीत बसलो होतो, आणि त्या घरी एकट्या फोनपाशी बसल्या होत्या.

फिओनानं मैत्रीचा हात हातात घेतला आणि विचारलं, मग शेवटी तू कोण झालीस? आजूबाजूला अर्धं हॅरो उभं होतं. पुण्याचे होते, मुंबईचे होते, नागपूरचे होते. माझी नजर सवयीनं त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरली.

"मैत्री रामटेके," ती म्हणाली. दोनचार माणसांनी वळून पाहिलं. ते नाव कुठलं, असं फिओनानं विचारलं, तर माझ्या आबांचं गाव आहे, तिथे मोठी टेकडी आहे, हे मैत्रीनं तिला इंग्रजीतून सविस्तर सांगायला घेतलं, आणि मधे एकदा माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "बाबा, तू का रडतोस?" मी म्हटलं, काही नाही, तू सांग. तिनं पुढे सांगायला सुरुवात केली, आणखी मोठ्यानं. ते आडनाव इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी सांगितलेलं नाही.